मावशी, मामा, सिक्युरिटी: बीएलएस फक्त डॉक्टर-सिस्टरनाच का? (ठाणे-नवी मुंबईतल्या हॉस्पिटलवाल्यांसाठी)

घोडबंदर_सिस्टर

नमस्कार मंडळी.

घोडबंदर रोडवरच्या एका मध्यम आकाराच्या खासगी हॉस्पिटलमध्ये मी नर्सिंग स्टाफचं ट्रेनिंग बघते. बरेच दिवस मनात असलेला विषय मांडते आहे, कारण इथे ठाणे, कळवा, वाशी, नेरूळकडचे बरेच जण याच क्षेत्रातले आहेत.

आमच्याकडे बीएलएसचं (हृदय बंद पडलेल्या माणसाला छाती दाबून, श्वास देऊन जगवण्याचं) ट्रेनिंग लागलं की यादी निघते ती डॉक्टर, सिस्टर आणि ब्रदर यांची. मावशी, मामा (वॉर्डातले मदतनीस), सिक्युरिटी, लिफ्टमन, एक्स-रेचा टेक्निशियन, बिलिंग काउंटरवरची मुलगी या सगळ्यांना फायर ड्रिलला आवर्जून बोलावतात. डमीवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात ठेवायला मात्र कुणी बोलावत नाही.

आता पेशंट कोसळतो कुठे ते बघा. आयसीयूत कोसळला तर मॉनिटर ओरडतो आणि चार माणसं धावतात. पण जनरल वॉर्डचं बाथरूम, सोनोग्राफीबाहेरची रांग, लिफ्ट, फिजिओथेरपीला जायचा पॅसेज, रिक्षातून उतरताना गेटवर, इथे त्याच्या शेजारी कोण असतं? व्हीलचेअर ढकलणारे मामा, नाहीतर बेडपॅन द्यायला गेलेल्या मावशी. त्या "सिस्टर, सिस्टर" करत काउंटरपर्यंत पळत येतात. सिस्टर बीपीचं मशीन घेऊन जाते. बीपी लागत नाही म्हणून कफ परत फुगवते. मग डॉक्टरांना फोन. तोवर छातीवर एकही दाब पडलेला नसतो. हृदय बंद पडल्यावर सीपीआरही (छाती दाबणं, श्वास देणं) नाही आणि शॉकही नाही अशी जी मिनिटं जातात, त्यातल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मावशींचं ते पळणं आणि सिस्टरचं ते कफ फुगवणं यातच पेशंटचा बराचसा हिशेब होऊन जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे: जो पहिला बघतो त्याला दाबता आलं पाहिजे. पदनाम काहीही असो.

मॅनेजमेंटच्या मागे लागून आमच्या मजल्यावरच्या मावशी-मामांसाठी मी छोटे वर्ग सुरू केले. नाडी बघायला शिकवत नाही, त्यात वेळ जातो आणि चुकतेही. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही? छाती वर-खाली होते का बघा. तोंड उघडून मध्येच एखादा आचका येत असेल तर तो श्वास नाही, हे मी प्रत्येक वर्गात परत परत सांगते, कारण "श्वास चालू होता हो" हे वाक्य त्या आचक्यामुळेच येतं. मग हृदय बंद पडल्याचा इशारा म्हणून जागेवरूनच ओरडा, "कोड ब्लू" आणि कुठे ते. आणि दाबायला सुरुवात करा. कुणी हातात घेईपर्यंत थांबू नका.

पहिल्या वर्गाला आमच्या एक मावशी डमीशेजारी गुडघ्यावर बसल्या. पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि दाबू लागल्या. कोपरं वाकलेली, सगळा जोर मनगटात. पुरेसं खोल दाबलं की डमीत क्लिक वाजतो, तो वाजेना. त्यांना म्हटलं, कणीक मळताना हात वाकतात तसे इथे वाकवायचे नाहीत. खांदे हातांच्या बरोबर वर आणा आणि कंबरेतून वजन टाका. क्लिक वाजला. मग मात्र त्या थांबायला तयार नव्हत्या. पूर्ण दोन मिनिटं केलं आणि घाम पुसत म्हणाल्या, "सिस्टर, हे एकट्याचं काम नाही." अगदी बरोबर. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो.

तुमच्याकडे नॉन-क्लिनिकल स्टाफला हे शिकवतात का? नाईटवाल्यांचं कसं करता? अडचणी सविस्तर लिहा.

---

वाशी_क्वालिटी

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. मी क्वालिटी विभागात आहे. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या निकषांत पेशंटची काळजी घेणाऱ्यांना सीपीआर यायला हवा हे आहे, कोड ब्लूच्या नोंदी ठेवून त्यांचा आढावा घ्यायचा हेही आहे. पण अडकतं ते वेगळ्या ठिकाणी. हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी दोन्ही एजन्सीकडून येतात. एचआर म्हणतं, ही आपली माणसं नाहीत, यांच्यावर ट्रेनिंगचा वेळ का घालवायचा, सहा महिन्यांनी निघून जातील.

आधीच्या नोकरीच्या ठिकाणचं सांगते. कॉन्फरन्स हॉल खच्चून भरलेला, समोर एक डमी, तासभर स्लाइड्स, मग हजेरीच्या कागदावर सह्या. डमीला हात लागला तो पुढच्या दोन रांगांचा. कागदावर सगळे "प्रशिक्षित". ऑडिट सुरळीत पार पडलं.

आता मी एजन्सीच्या करारातच अट घालून घेतली आहे की माणूस ड्युटीवर यायच्या आधी आमच्याकडे वर्ग करेल आणि डमीवर करून दाखवेल. एजन्सीने फारशी खळखळ केली नाही. हे आधी कुणी मागितलंच नव्हतं.

---

भूलतज्ज्ञ_नेरूळ

चांगला विषय. मी भूलतज्ज्ञ आहे आणि सीपीआरचे वर्गही घेतो, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

बऱ्याच जणांना वाटतं की बीएलएस म्हणजे अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड. ते कार्ड चांगलंच आहे, दोन वर्षं चालतं, बाहेरदेशी जाणाऱ्या सिस्टरना लागतंही. पण आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने उभी राहिलेली इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशन आहे आणि तिची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. त्यात तीन पायऱ्या आहेत. सामान्य माणसासाठी कोल्स, म्हणजे फक्त छाती दाबणं, तोंडाने श्वास देणं नाही. आरोग्यसेवकांसाठी हॉस्पिटलबाहेरच्या प्रसंगी बीसीएलएस. आणि हॉस्पिटलच्या आत प्रशिक्षित टीमसाठी सीसीएलएस. मावशी-मामांना कोल्स पुरेसं आहे. त्यांच्यावर श्वासाचा भार टाकू नका.

सिस्टर आणि डॉक्टरांसाठी आकडे पाठ हवेत आणि हातातही हवेत. मोठ्या माणसात मिनिटाला १०० ते १२० दाब. खोली किमान ५ सेंटिमीटर, ६ च्या वर नको. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाबांनंतर २ श्वास, दोन्ही श्वास मिळून दाबण्यात १० सेकंदांपेक्षा जास्त खंड नको. नाडी बघायलाही १० सेकंदांच्या वर नाही. ट्यूब घातल्यावर दाब न थांबवता ६ सेकंदांना एक श्वास.

वर्गात सगळ्यात जास्त काय चुकतं? खोली नाही, ती दुसऱ्या प्रयत्नात जमते. चुकतं ते छातीवरून भार न काढणं. माणूस दमला की पेशंटवर रेलतो. छाती वर आली नाही तर हृदय भरत नाही, आणि रिकामं हृदय दाबून काय मिळणार? दुसरी चूक अँबू बॅगची. घाबरलेला माणूस बॅग भराभर पिळतो. जास्त हवा गेली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, वर पोट फुगून उलटी होते ती वेगळीच. एका सेकंदात एक श्वास, छाती उचललेली दिसली की बस.

आणि मावशींना हे जमेल का, असं विचारणाऱ्यांसाठी एक इतिहास. बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हा शोधनिबंध १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून आला. त्याचे लेखक तिघे: कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर. त्यातले ज्यूड तेवढे सर्जन. कौवेनहोवेन विद्युत अभियंता होते आणि निकरबॉकर त्यांच्या हाताखाली काम करणारा तरुण अभियंता. दोन हात असले की हे कुणालाही कुठेही सुरू करता येईल, असं त्यांनी त्या निबंधातच म्हटलं होतं. मुळात अभियंत्यांच्या प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट आहे ही. डिग्रीची अट नंतर आपण घातली.

---

नाइट_आरएमओ_कोपरखैरणे

बीएएमएस करून एका छोट्या नर्सिंग होममध्ये नाईट आरएमओ (रात्रपाळीचा निवासी डॉक्टर) आहे. नर्सिंग होमचं नाव सांगत नाही, सेक्टरही नाही.

इमारत रहिवासी-कम-कमर्शियल, आम्ही पहिल्या मजल्यावर. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. रात्री वॉर्डात एक सिस्टर, एक मावशी, खाली वॉचमन आणि मी. कोड ब्लूची टीम वगैरे शब्द मोठ्या हॉस्पिटलांचे. आमची टीम म्हणजे आम्ही चौघं, त्यातला वॉचमन सोसायटीचा.

एका रात्री पेशंट कोसळला. मी दाबायला लागलो, सिस्टरने बॅग घेतली. डिफिब्रिलेटर (शॉक द्यायचं मशीन) ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, होता आणि ओटीला कुलूप. किल्ली इनचार्ज सिस्टरच्या पर्समध्ये आणि इनचार्ज सिस्टर घरी, दिव्याला. महागडं मशीन आहे, चोरी होईल म्हणून कुलूप. मावशी बिचाऱ्या दारापाशी उभ्या राहून कुलूप ओढत होत्या. शेवटी वॉचमन आणि मावशींनी मिळून दार उघडलं, कसं ते विचारू नका. त्या मधल्या वेळात मी एकटा दाबत होतो आणि माझे हात गळत चालले होते, कारण मावशींना किंवा वॉचमनना दाबायला येत नव्हतं.

म्हणून ताईंच्या म्हणण्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. मोठ्या हॉस्पिटलात मावशींना शिकवणं ही जादाची गोष्ट असेल. आमच्यासारख्या ठिकाणी पाळीपाळीने दाबायला दुसरा माणूसच तो आहे.

---

बायोमेड_तुर्भे

कुलूप वाचून रक्त उसळलं. मी बायोमेडिकल इंजिनिअर, तुर्भे ते पनवेल पट्ट्यात बऱ्याच हॉस्पिटलांचं मशीन मेंटेनन्स बघतो.

क्रॅश कार्टला (तातडीच्या सामानाच्या ट्रॉलीला) कुलूप नसावं, प्लॅस्टिकचं सील असावं. ओढलं की तुटतं. सील शाबूत म्हणजे आतलं सामान जसंच्या तसं, तुटलेलं असेल तर मोजा आणि भरा. चोरीचीही काळजी मिटते, किल्लीचीही.

मशीनचं म्हणाल तर माझ्या बघण्यातल्या भानगडी फार साध्या असतात. चार्जिंगची वायर काढून तिथे कुणी मोबाईल लावलेला. बॅटरी जुनी, प्लगवरून काढलं की बंद. चिकटवायच्या पॅडचं पाकीट मुदत संपलेलं, आतला जेल वाळलेला. असं पॅड छातीला नीट चिकटत नाही आणि शॉक धड पोचत नाही. पॅडल असतील तर जेलची बाटली रिकामी. ईसीजीचा कागद संपलेला. दर शिफ्टला मशीन सुरू करून, टेस्ट शॉक देऊन, वहीत सही करायची हे काम पाच मिनिटांचंही नाही. एईडी (शॉक द्यायचा की नाही हे स्वतः ठरवणारं मशीन) असेल तर त्याच्या दर्शनी भागावर हिरवी खूण दिसते का एवढं रोज बघायचं. हे बघायला मावशीही चालतील, आणि माझ्या अनुभवात त्या जास्त नेमाने बघतात.

शॉक देताना ऑक्सिजनचा मास्क छातीपासून दूर धरायचा, निदान एक मीटर. पेशंट ओला असेल तर आधी छाती पुसायची. बाथरूममधून बाहेर ओढलेल्या पेशंटला हे लागतंच.

---

ऐरोलीकर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात बसणं होतं म्हणून हा धागा वाचतोय.

दोन शंका. चुकून नुसत्या बेशुद्ध माणसाची छाती दाबली तर? आणि दाबताना बरगड्या मोडतात असं ऐकलंय, मग नातेवाईक मावशींवरच उलटले तर त्यांनी काय करायचं?

---

भूलतज्ज्ञ_नेरूळ

@ऐरोलीकर, रास्त शंका आहेत. हृदय चालू असलेल्या माणसाची छाती दाबली गेली तर बहुधा तो हात झटकतो, कण्हतो, आणि आपण थांबतो. त्यातून मोठी इजा होण्याचा धोका कमी. उलट बंद पडलेल्या हृदयाला "बघू थोडा वेळ" म्हणून सोडलं तर मृत्यू नक्की. त्यामुळे शंका असेल तर दाबायचं. बरगड्या मोडतात, वयस्कर माणसांत तर हमखास. नीट खोल दाबलं तरीही मोडतात. कट्ट आवाज आला की नवखा माणूस दचकून थांबतो, म्हणून वर्गातच सांगून ठेवावं की आवाज येईल आणि हातांची जागा तपासून पुढे चालू ठेवायचं.

नातेवाइकांचं काम दाबणाऱ्या माणसावर टाकूच नये. एक अनुभवी सिस्टर किंवा सीनियर सिक्युरिटी फक्त त्यांच्याजवळ थांबेल, काय चाललंय ते साध्या शब्दांत सांगत राहील. जिथे यासाठी माणूस नेमून ठेवतात तिथे आरडाओरडा कमी होतो, असं मी पाहिलंय.

आणि असाध्य आजारात, आधी बोलून, लेखी ठरवून सीपीआर न देण्याचा निर्णय हा वेगळा विषय. त्यावर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये मार्गदर्शन दिलेलं आहे. पण तो निर्णय फाईलवर हवा आणि वॉर्डातल्या सिस्टरला माहीत हवा. ऐनवेळी कुजबुजून ठरवायची गोष्ट नाही ती.

---

सीनियर_ब्रदर_कळवा

सगळं वाचलं. मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मावशींना शिकवा, जरूर शिकवा. पण आधी सिस्टरच्या मनातली भीती काढा. मी बरीच वर्षं मोठ्या वॉर्डांत काढली आहेत. सिस्टरला बीएलएस येतं. कार्ड आहे, परीक्षेत पास आहे. तरी ती दाबायला सुरुवात करत नाही, कारण डॉक्टर आले नाहीत. उद्या कुणी विचारलं की कुणाच्या ऑर्डरने सुरू केलं, तर? ही भीती नवीन मुलींमध्ये फार आहे. केरळहून आलेल्या, भाषेची अडचण असलेल्या, पहिलीच नोकरी असलेल्या मुली. त्या डॉक्टरांची वाट बघतात आणि मावशी सिस्टरकडे बघतात. सिस्टरच थांबली तर शिकलेल्या मावशीही हात लावणार नाहीत.

म्हणून मेट्रननी आणि मेडिकल सुपरिंटेंडेंटनी लेखी काढलं पाहिजे: नाडी नाही, श्वास नाही, तर सीपीआर सुरू करायला कुणाच्याही ऑर्डरची गरज नाही. आणि एईडी मोडवर शॉक द्यायची सिस्टरला परवानगी आहे. मशीन स्वतःच ठरवतं शॉक द्यायचा की नाही, मग कशाला थांबायचं? हा कागद वॉर्डात लावा. ट्रेनिंग त्याच्या नंतर.

---

घोडबंदर_सिस्टर

@सीनियर_ब्रदर_कळवा, राग कसला, दादा? तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. आमच्याकडे असं परिपत्रक नाही. उद्याच मेट्रन मॅडमकडे मसुदा घेऊन जाते. "ऑर्डरची गरज नाही" हेच शब्द ठेवणार.

@बायोमेड_तुर्भे, सीलची कल्पना आमच्याकडे आहे, पण रोजच्या तपासणीत मावशींना घ्यायचं सुचलं नव्हतं. करून बघते.

भाषेबद्दल: माझ्या वर्गात मराठी, हिंदी दोन्ही चालू असतं आणि मल्याळी मुलींसाठी त्यांच्यातलीच एक सीनियर सिस्टर शेजारी उभी करते. छापील पानांपेक्षा करून दाखवणं सगळ्यांना कळतं. मोजणी मात्र प्रत्येकीने आपल्या भाषेत मोठ्याने करायची. मनातल्या मनात मोजलं की वेग बिघडतो. मोबाईलवर ११० चा मेट्रोनोम लावून ठेवते.

---

डायलिसिस_तंत्रज्ञ_ठाणे

@ऐरोलीकर यांच्या वडिलांचा उल्लेख वाचून लिहावंसं वाटलं. घाबरवायचं नाही, पण डायलिसिस युनिटात हृदय बंद पडण्याचा धोका खरा असतो, विशेषतः दोन दिवसांच्या मोठ्या गॅपनंतरच्या पहिल्या सेशनला, कारण पोटॅशियम आणि पाणी साठलेलं असतं. आणि नेमकं आमच्या युनिटचं ट्रेनिंग बेडवरच्या पेशंटवर होतं. आमचे पेशंट असतात खुर्चीत!

रिक्लायनर पूर्ण आडवी करायची, पण दाबायला लागलं की पाठीचा भाग खाली-वर हलतो आणि अर्धा जोर खुर्चीच खाते. आम्ही पाठीच्या भागाखाली सरकवायला एक भक्कम स्टूल ठेवलं आहे, प्रत्येक ओळीत एक. एकाने दाबायचं, एकाने फक्त मशीन बघायचं: अल्ट्राफिल्ट्रेशन (पाणी काढणं) बंद, जमल्यास रक्त परत, मग लाइन सोडवायची, फिश्चुलातल्या (डायलिसिससाठी हातावर जोडलेल्या रक्तवाहिनीतल्या) सुया काढायच्या नाहीत, औषधाला तोच रस्ता. शॉकच्या आधी पेशंट मशीनपासून वेगळा झालाच पाहिजे, मशीन त्यासाठी बनवलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

बीएलएसच्या कोर्समध्ये हे कुणी शिकवत नाही. म्हणून माझं मत असं की कार्ड बाहेरून घ्या, पण सराव आपल्या युनिटात, आपल्या खुर्चीवर, आपल्या माणसांबरोबर करा.

---

ऐरोलीकर

धन्यवाद. पुढच्या वेळी वडिलांच्या युनिटात स्टूल आहे का ते नक्की विचारतो.

---

कोपरी_पूर्व

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहिते आहे. माझी आई हॉस्पिटलात मावशी आहे. कुठल्या ते नको.

तिला गेल्या वर्षी हे शिकवलं. घरी येऊन तिने उशीवर आम्हा बहिणींनाही दाखवलं. काही महिन्यांनी कँटीनबाहेर एका पेशंटचे नातेवाईक कोसळले. आईने खांदे हलवले, ओरडली आणि दाबायला बसली. टीम आली, त्यांनी हातात घेतलं, आयसीयूत नेलं. आई उठली, हात धुतले आणि उरलेली ड्युटी केली, कारण वॉर्डात कामं पडली होती.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी गेले. हे आईला कुणी सांगितलं नाही. तिने लिफ्टमनकडून ऐकलं. त्यानंतर बरेच दिवस ती मला विचारत होती, माझ्या हातून काही चुकलं का गं, हाड मोडल्याचा आवाज आला होता. मी कॉमर्सची. मला काय उत्तर देता येणार?

शिकवता ते खूप चांगलं आहे. पण नंतर तिच्याशी पाच मिनिटं कुणी बोलायला हवं होतं. टीममधल्या डॉक्टरांची मीटिंग झाली म्हणे, आईला बोलावलं नाही. सुरुवात तिनेच केली होती ना?

---

भूलतज्ज्ञ_नेरूळ

@कोपरी_पूर्व, आईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा: तुमच्या हातून काहीही चुकलं नाही. बरगडीचा आवाज येतो तो खोल दाबल्यामुळे, आणि खोलच दाबायचं असतं. तुम्ही दाबलंत म्हणून टीमला काम करायला संधी मिळाली आणि ते गृहस्थ आयसीयूपर्यंत पोचले. सगळं बरोबर केलं तरी हृदय बंद पडलेली बहुतेक माणसं वाचत नाहीत, मोठ्यात मोठ्या हॉस्पिटलातसुद्धा. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगत नाही आणि ती सांगायलाच हवी.

---

घोडबंदर_सिस्टर

ताई, तुमचं लिहिणं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आईंनी जे केलं ते प्रत्येक हॉस्पिटलला हवं आहे.

कोड ब्लू संपला की तिथल्या तिथे, हातमोजे काढायच्या आधी, दोन-चार मिनिटं सगळ्यांनी बोलायचं: काय चांगलं झालं, कुठे वेळ गेला, कुणाला काही विचारायचं आहे का. आमच्याकडे हे होतं, पण फक्त डॉक्टर-सिस्टरचं. आता फॉर्मवर पहिला रकाना "पहिल्यांदा कुणी पाहिलं, कुणी सुरुवात केली" असा करणार आणि त्या व्यक्तीला बोलावल्याशिवाय फॉर्म पूर्ण धरायचा नाही. पेशंटचं पुढे काय झालं हेही तिला आमच्यातल्या कुणीतरी स्वतः जाऊन सांगायचं. लिफ्टमनकडून कळता कामा नये.

नाईटचं मीच सुरुवातीला विचारलं होतं, आमचं सांगते. आम्ही ड्युटी बदलायच्या वेळेला, ओव्हर (पेशंट सोपवणं) झाल्यावर, वॉर्डातच पंधरा मिनिटं डमी आणतो. रात्री आठच्या ओव्हरला आणला की नाईटवालेही सापडतात. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचे हात डमीला लागले पाहिजेत हे मी धरून बसले आहे, कारण शिकलेलं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत घसरायला लागतं, दोन वर्षांच्या कार्डाची वाट बघत नाही. डमी रिकाम्या बेडवर ठेवतो, जमिनीवर नाही. मग खऱ्या अडचणी दिसतात. गादी दबते म्हणून पाठीखाली फळी लागते आणि ती फळी कुठे आहे ते शोधावं लागतं. उंचीने लहान असलेल्या सिस्टरला पायाखाली स्टूल लागतं. एअर मॅट्रेस असेल तर हवा सोडायची खूण कुठे असते ते निम्म्या जणांना माहीत नव्हतं.

लिफ्टमनलाही घेतलं आहे. घोषणा ऐकली की लिफ्ट रिकामी करून त्या मजल्यावर धरून ठेवायची. सिक्युरिटीने पॅसेजमधली गर्दी आणि स्ट्रेचर बाजूला करायचे. आणि घोषणा करताना नुसतं "तिसरा मजला" नाही, तर "तिसरा मजला, फिमेल वॉर्ड, बाथरूम", दोनदा.

---

वाशी_क्वालिटी

तो "पहिल्यांदा कुणी पाहिलं" रकाना मी चोरते आहे, ताई. आमच्या फॉर्ममध्ये थेट टीम पोचल्याची वेळ आहे. त्याच्या आधीचा काळ कुठेच मोजला जात नाही, म्हणजे जो महत्त्वाचा तोच.

---

नाइट_आरएमओ_कोपरखैरणे

सरांना (मालकांना) हा धागा दाखवला. ओटीचं कुलूप निघालं, मशीन आता नर्सिंग काउंटरच्या मागे आहे. डमी मात्र विकत घेणार नाहीत म्हणाले. फीडबॅकवाला डमी आमच्या बजेटबाहेर आहे हे खरंच. आसपासच्या नर्सिंग होम्सनी मिळून एक घेतला आणि फिरवला तर?

आणि आमच्याकडे डिलिव्हरीही होतात. बाळांसाठी आणि गरोदर बाईसाठी काय शिकवायचं?

---

भूलतज्ज्ञ_नेरूळ

डमी फिरवायची कल्पना उत्तम. माझ्याकडे एक जुना आहे, क्लिक वाजतो, दिवे नाहीत. तो घेऊन जा.

गरोदर बाई: पोट बेंबीपर्यंत किंवा त्याच्या वर आलेलं असेल तर एकाने फक्त गर्भाशय हाताने डावीकडे सरकवून धरायचं, म्हणजे मोठ्या शिरांवरचा दाब हटतो. बाईला कुशीवर वळवून दाबायचं नाही, सपाट पाठीवरच. हे काम मावशीला देता येतं, फक्त आधी दाखवून ठेवा. आणि त्याच क्षणी स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन, कारण नाडी परत आली नाही तर बाळ लगेच काढावं लागतं आणि त्याचा निर्णय मिनिटांत होतो.

एक वर्षाच्या आतलं बाळ: छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ४ सेंटिमीटर. दोघं असाल तर दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी दाबायचं, १५ दाबांना २ श्वास. नाडी दंडाच्या आतल्या बाजूला बघायची. नुकतंच जन्मलेलं बाळ मात्र पूर्ण वेगळं: तिथे आधी श्वास, कारण बहुतेक वेळा अडचण हृदयाची नसून फुप्फुसात हवा न जाण्याची असते. बॅग-मास्कने नीट हवा देऊनही ठोके ६० च्या खाली राहिले तरच दाब, ३ दाबांना १ श्वास. हे दोन्ही एकाच वर्गात कोंबू नका, गोंधळ होतो. नवजाताचा वर्ग लेबर रूमच्या सिस्टरसाठी वेगळा ठेवा.

---

नाइट_आरएमओ_कोपरखैरणे

खूप आभार, सर. डमी घ्यायला येतो, व्यनि करतो. पहिला वर्ग रात्रीच्या ओव्हरला ठेवतोय. सोसायटीच्या वॉचमनकाकांना विचारलं, ते येतो म्हणालेत.

---

सीनियर_ब्रदर_कळवा

माझी सुट्टी असेल त्या दिवशी ठेवा, मी शिकवायला येतो. कळव्याहून कोपरखैरणे ट्रान्स-हार्बरने लांब नाही. घोडबंदर_सिस्टर, तुमचा परिपत्रकाचा मसुदा मंजूर झाला की इथे टाका, म्हणजे आम्हालाही आमच्या मेट्रनपुढे ठेवता येईल.